हायवेवरून नुसते पळू नका, पद्मालयाला वळा

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत वीकेंडला कुठे जाल म्हणून दर पावसाळ्यात लोणावळा, महाबळेश्वर, फारच झालं तर तोरणमाळ, एवढंच येतं. आम्ही खान्देशातले लोकही तसेच, धुळे ते जळगाव नव्वद किलोमीटर एका दमात गाडी हाकायची आणि पोचल्यावर म्हणायचं की मध्ये बघण्यासारखं काही नाहीच. मीही पन्नाशीपर्यंत हेच म्हणत होते.

दसऱ्यानंतर भुसावळला भाचीचा साखरपुडा होता, सकाळी आठला धुळ्याहून निघालो. पारोळा सोडल्यावर एका पेट्रोल पंपावर थांबलो तर बायकांच्या टॉयलेटला कुलूप, चावी म्हणे ज्याच्याकडे आहे तो नाश्त्याला गेलाय. (पुरुषांचं मात्र उघडं. चावीवाला बायकांचीच चावी घेऊन नाश्ता करतो का, देव जाणे.) शेवटी एरंडोलला एका ओळखीच्या घरी गेलो, तिथे चहा झाला आणि वहिनी म्हणाल्या, इथवर आलाच आहात तर पद्मालयाचा गणपती करून जा, दहा-बारा किलोमीटर तर आहे. आमचे हे नाही म्हणत होते पण गाडीत चार बायका आणि ते एकटे, त्यामुळे वळलो.

रस्ता दोन्हीकडे फुटलेल्या कपाशीचा, मध्येच बैलगाडी, मध्येच झाडी. एका ठिकाणी फाटा चुकून पार शेतात गेलो, पाटी नव्हती की यांच्या स्पीडमुळे दिसली नाही यावरून गाडीत अजून वाद चालू आहे. आणि मग एकदम समोर तळं. पाणी दिसतच नाही हो, नुसती पानं आणि त्यातून वर आलेली कमळं. सहा नंबरच्या हायवेवर (आता ५३ म्हणतात, पण आमच्या तोंडात सहाच) इतकी वर्षं ये-जा केली आणि हे पंधरा मिनिटांवर होतं!

मंदिर दगडी, तळ्याला लागूनच. आत गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी, एकाची सोंड उजवी, एकाची डावी. साडेतीन गणपती पीठांत मोरगाव, राजूर यांच्याबरोबर हे पूर्ण पीठ आहे, अर्धं चिंचवड. जवळच भीमकुंड आहे, बकासुराला भीमाने इथेच मारलं असं लोक सांगतात. ते राहिलं, वेळ नव्हता.

पण जायचं तर सकाळीच जा, हे मुद्दाम लिहिते. कमळ सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं, दुपारी जेवून पोचाल तर नुसत्या कळ्या दिसतील आणि मला शिव्या द्याल. एका पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळत होता, माझी नात दहा मिनिटं तिथून हलली नाही, मोबाईलसुद्धा मागितला नाही. काठावर एक मुलगा वाकून फूल ओढत होता तर हार विकणारी आजी ओरडली, "फूल तोडू नको रे भाऊ, दुपारले मिटी जाई ते!" आमच्याही हातात वेफर्सची रिकामी पाकिटं होती. ती गुपचूप पर्समध्ये गेली.

आता तुम्ही हे छापलंत की कोणीतरी उठून सुशोभीकरण मागेल, बोटिंग, कारंजं, सेल्फी पॉईंट. नको. कमळाला गाळ लागतो, स्थिर पाणी लागतं, बोटी घातल्या की कमळ गेलं. आम्हाला हवंय ते एवढंच, हायवेवर लांबून दिसेल अशी मोठी पाटी आणि वाटेवर बायकांसाठी एक उघडं टॉयलेट. बाकी शेवभाजी कुठेही मिळते. थंडीत गेलात तर भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मागा, जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, पण ते काड्यांवर भाजलेलंच हवं, गॅसवरचं नको.

आम्ही भुसावळला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, पंगत बसली होती. बहीण अजून नीट बोलत नाहीये. पुढच्या वेळी तिलाच गाडीत घालून पद्मालयाला नेणार आहे.

आपली,
एक वाचक, धुळे