साचा नाही, तरी माल तयार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिप कारखान्यांवरचा रविवारचा लेख वाचला. गुजरातमधल्या धोलेऱ्याच्या चिप प्रकल्पाचा ९१ हजार कोटींचा आकडा वाचून इंजिनिअरिंगला असलेला नातू म्हणाला, "आजोबा, हे आपल्या कोल्हापूरचं काम न्हवं." म्हणून हे पत्र.

माझी हयात उद्यमनगरात पॅटर्न करण्यात गेली. लाकूड तासा, वाळूत साचा बसवा, रस ओता, मग लेथवर घासा. चिपही तशीच वरून कोरतात, फक्त पटाशीऐवजी प्रकाशानं. पण याच्या उलटी एक रीत आहे, सुटे भाग आपले आपण जुळून वस्तू उभी राहते ती, आणि ती लेखात एका ओळीत उरकली आहे. शब्दही काय, तर 'स्वयंएकत्रीकरण'! आपोआप जुळणी म्हणा की.

निपाणीकडचे तंबाखूवाले ज्याला शिव्या घालतात, तो मोझॅकचा विषाणू घ्या. ३०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांब, १८ नॅनोमीटर जाड नळी, २,१३० एकसारख्या प्रथिनांची. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी त्याची प्रथिनं आणि आरएनए (आतला वारशाचा धागा) सुटे केले, पुन्हा एकत्र मिसळले. नळ्या आपोआप उभ्या राहिल्या आणि पानावर रोगही पाडू लागल्या. फिटर नाही, जिग नाही.

२००६ मध्ये पॉल रोथमुंड या शास्त्रज्ञानं हेच डीएनएवर केलं. एका विषाणूचा सुमारे सात हजार अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या कड्यांचा) लांब धागा, त्याला जागोजाग टाचणारे दोनशेवर आखूड तुकडे, खारं पाणी. तापवायचं आणि सावकाश निवू द्यायचं. धाग्याची घडी पडून शंभरेक नॅनोमीटरचे हसरे चेहरे तयार, एका थेंबात अब्जावधी. कास्टिंग घाईनं निववलं तर तडा जातो, हे आमच्याकडं पोरगंसुद्धा सांगेल. इथं घाई केली तर घडी चुकते.

खोट आहेच. डीएनएतून वीज धड वाहत नाही, म्हणून त्याचा सांगाडा करून वर धातू चढवावा लागतो. काही नग वाकडे निघतात, आणि चिपवर वाकडा नग चालत नाही. त्यामुळं कोरणारी यंत्रं काही भंगारात जाणार नाहीत.

पण तापवून निववायला जे यंत्र लागतं, ते कोरोनात सगळ्यांच्या तोंडी झालेलं पीसीआरचंच. त्याला हजारो कोटी लागत नाहीत. तेव्हा शिवाजी विद्यापीठातल्या जाणकारांकडून या विषयावर सोप्या मराठीत चार लेख लिहून घ्यावेत, ही विनंती. चित्रं मात्र मोठी छापा, मागच्या वेळची भिंग लावूनही दिसली नाहीत.

— एक निवृत्त पॅटर्नमेकर, उद्यमनगर, कोल्हापूर