सोलेन म्हणजे सूर्य नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बाळासाठी फ्रेंच ढंगाच्या नावांची चौकट आपण छापलीत. त्यात 'सोलेन म्हणजे सूर्य' आणि 'एलोदी म्हणजे मधुर सूर' असे दिले आहे. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात मी सत्तावीस वर्षे फ्रेंच शिकवले, म्हणून हे लिहिते. दुसरे कारण घरचे आहे.

पावसाळ्यापूर्वी माझी सून माहेराहून बाळाला घेऊन आली, तेव्हा नाव तिने ठरवूनच आणले होते. "आई, सोलेन ठेवूया. सूर्य." तिचे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांचे नाव भास्कर. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला देतात. मुलगी झाली म्हणून ते राहू नये, एवढीच तिची इच्छा होती. मोबाइलवर कुठेतरी तिला हा अर्थ मिळाला होता.

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगून टाकले. फ्रेंचमध्ये सूर्याला 'सोलेय' म्हणतात, त्या आवाजावरून लोकांनी हा अर्थ जोडला. सोलेनचे मूळ लॅटिनमधल्या 'सोलेम्निस' या शब्दात आहे. विधिपूर्वक, पवित्र सोहळ्यासारखे, असा त्याचा भाव. नाव सुंदरच आहे, पण त्यात भास्कर नाहीत. ती रडली. मग दोघींनी बसून शोधले. लॅटिन 'लुक्स' म्हणजे प्रकाश. त्यावरून ल्यूसी, आणि त्याच घराण्यातले जरा कमी ऐकू येणारे ल्यूसील. लहानसा उजेड म्हणा ना. भास्कर या शब्दातही 'भास्', म्हणजे प्रकाश, आहेच. बाराव्या दिवशी आत्येने बाळाच्या कानात ल्यूसील म्हटले, तेव्हा पाळण्याची दोरी धरून उभ्या असलेल्या माझ्या सुनेने डोळे मिटून घेतले होते.

एलोदीचेही तसेच. 'मेलोडी'शी तिचा काही संबंध नाही. अलोदिया ही स्पेनमधली ख्रिस्ती हुतात्मा, इ.स. ८५१ मधली. तिच्या नावात जो जर्मानिक शब्द आहे, त्याचा अर्थ संपत्ती.

नाव परके आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. माझे वडील पोर्तुगीज काळात पणजीच्या लिसेंवमध्ये, म्हणजे तिथल्या माध्यमिक शाळेत, फ्रेंच शिकले होते. क्लोए म्हणजे हिरवा कोंब, ते मूळचे ग्रीक. झोए म्हणजे जीवन. रेमी म्हणजे वल्हे मारणारा. मांडवीच्या काठच्या मुलाला याहून काय शोभेल? एतिएनचा अर्थ मुकुट, आणि हे नाव आपल्याकडे कधीच येऊन बसले आहे: तिसवाडीतले सांत इस्तेव हे गाव म्हणजे तोच एतिएन, पोर्तुगीज वाटेने आलेला. सेलीन हवी असेल तर शेजारच्या ख्रिस्ती घरात सेलिना आहेच. दोघींचे मूळ एकच, आकाश.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक, गोव्याचे पाद्री आबे फारिया यांचा पुतळा आहे. माझे विद्यार्थी 'आबे' हे त्यांचे नाव समजत. जन्म कांदोळीचा, १७५६ चा, आणि नाव जुझे कुस्तोदियो. 'आबे' ही फ्रेंचमध्ये पाद्रीला लावायची पदवी आहे, आणि तिचे मूळ आरामी भाषेतल्या 'अब्बा'त, म्हणजे बापात. एवढे सांगितले की मुले तो पुतळा पुन्हा एकदा पाहायला जात.

अर्थ वाईट निघाला तर नाव टाकूनच द्यावे, असेही मी म्हणत नाही. क्लोद म्हणजे मुळात लंगडा, ब्लेझ म्हणजे बोबडा. फ्रान्सने ही नावे पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने ठेवली. आपल्याकडे मुले जगत नसत तेव्हा आयांनी धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवली, ती काय कमी मायेने? पण त्या आयांना अर्थ ठाऊक होता.

उच्चाराचेही आधी पाहावे. आठवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती, तिला सगळे शिक्षक 'रेनी' म्हणत. फ्रेंच 'ई'च्या डोक्यावर तिरकी रेघ असते, ती आपल्या दाखल्यांवर गळून पडते आणि इंग्रजी उच्चार उरतो. पहिल्या दिवशी मी हजेरीत 'रने' म्हटले. तिने मान वर केली. "बाई, घरी मला असंच हाक मारतात." रने म्हणजे पुन्हा जन्मलेली, आपल्या 'द्विज' शब्दाच्या अगदी जवळचे. आठ वर्षे ती शाळेत दुसऱ्याच नावाला 'हजर' म्हणत होती. आईबापांनी पहिल्याच दिवशी देवनागरीत 'रने' लिहून दिले असते, तर चुकायला जागाच नव्हती. फ्रेंच अनुनासिकांचीही भीती नको. कोकणीत 'हांव', 'खंय' म्हणत वाढलेल्या आपल्या मुलांना बास्तियँ म्हणायला मला कधी शिकवावे लागले नाही.

घाईही करू नये. फ्रान्समध्ये जन्माची नोंद पाच दिवसांत करावी लागते. शिवाय १८०३ च्या कायद्याने तिथे संतांच्या दिनदर्शिकेतली आणि प्राचीन इतिहासातलीच नावे चालत. १९९३ मध्ये आईबापांना मोकळीक मिळाली. आपल्याकडे जन्माची नोंद एकवीस दिवसांत केली, तरी नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. एकदा घातलेले नाव बदलणे मात्र सोपे नाही. गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदाच आहे.

म्हणून विनंती अशी, की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, सोलेन आणि एलोदी यांचे खरे अर्थ छापावेत. ती चौकट मी कापून ठेवली, तशी आणखी कुणी ठेवली असेल, आणि त्या घरचे बारसे कदाचित पुढच्याच आठवड्यात असेल.

आपली,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका, फोंडा