मत कुणाचं काढून घ्यायचं?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, ज्यांना काही कळत नाही त्यांना मतदानाचा हक्कच नको." तेव्हा घाईत होते, पण ते मनातून जाईना, म्हणून लिहितेय.

तुझी काळजी खोटी नाही. कारभाराची खबरबातच नसलेल्या लोकांच्या हातात स्वातंत्र्य फार दिवस टिकत नाही, हे मलाही पटतं. पण बेखबर कोण, इथे आपलं जुळत नाही.

१९५१ साली देशात साक्षरता जेमतेम १८ टक्के. तरी पहिल्याच निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हं होती, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, तरी १९७७ मध्ये लोकांनी सरकार खाली खेचलंच. आपल्या लालबाग-परळचंच घे. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यातल्या कितीजणांना अक्षरओळख होती?

आपल्या खालच्या मावशी अंगठा लावतात. पण रेशनच्या दुकानात गेल्या की आधी कुणाला तरी फळा वाचायला लावतात. तांदूळ किती आला, गहू किती, माणशी किती. मगच पिशवी पुढे करतात. त्यांना माप कमी द्यायची दुकानदाराची हिंमत नाही.

आणि शिकलेले? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, २२७ नगरसेवक घरी गेले, कारभार प्रशासकाकडे आला. पुढच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुंबलेल्या गटाराचा विषय निघाला, तर बरेच जण म्हणाले, नगरसेवकाला सांगू. नगरसेवकच उरला नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं! दिवसभर मोबाइलवर राजकारण वाचणारी माणसं ही. मला त्या दिवशी भीती वाटली. मावशींची कधीच वाटली नाही.

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. भक्ताला हिशेब विचारावासा वाटत नाही, म्हणून. तुझ्या नियमाने मत मावशींचं जाईल, भक्तांचं शाबूत राहील.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. गटाराचं काम कुणाला दिलं, किती रुपयांत, हे विचारणारा अर्ज मी टाकलाय. तुझ्या हॉस्टेलसमोरचा रस्ता कधीचा खोदून ठेवलाय म्हणतोस ना, तूही टाक. मसुदा पाठव, मी वाचून देते.

तुझी आई