आजी, नाव सांगा

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. निघताना आणलेले पेढेसुद्धा तुम्ही ऑफिसात सगळ्यांसाठी ठेवायला लावलेत, तेव्हा नाव जाहीर केलेलं तुम्हाला आवडायचं नाही. १२ नंबरच्या आजींची मुलगी म्हटलं की ओळखाल.

आईला तुमच्या वृद्धाश्रमात आणलं तेव्हा माझा कुणावरच विश्वास उरला नव्हता. त्याआधीच्या ठिकाणी आम्ही सात महिने काढले होते. तिथे बाग होती, गुरुवारचं भजन होतं, कोजागिरीचं मसाला दूध होतं आणि त्या सगळ्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर न चुकता यायचे. आईची पार्किन्सन्सची गोळी मात्र नाश्ता झाल्यावर, सगळ्यांच्या गोळ्यांबरोबर. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ अशा वेळा मी मोठ्या अक्षरात लिहून दिल्या होत्या. "अहो ताई, तासाभराने काय बिघडतंय?" काय बिघडतं ते मी पाहिलंय. आईचा हात चमच्यापर्यंत पोचत नाही. कूस बदलता येत नाही, तोंडातली लाळ गिळता येत नाही. ताट तसंच परत जातं आणि वहीत नोंद होते, ‘आजींनी जेवायला नकार दिला’.

त्यात गोळी द्यायची दुधाबरोबर. लेव्होडोपाची, म्हणजे या गोळीतल्या औषधाची, आणि दुधातल्या प्रथिनांची आतड्यातून रक्तात शिरायची वाट एकच, त्या गर्दीत औषध मागे राहतं. डॉक्टरांनी हे मला दहा वेळा बजावलं होतं, मी तिथे वीस वेळा सांगितलं असेल. रात्रीची गोळी सावकाश विरघळणारी, अख्खीच गिळायची. ती खलबत्त्यात कुटून द्यायचे, गिळायला सोपी म्हणून! रात्रभर पुरवून पुरवून मिळायचं औषध एकदम अंगात. मग आईला कोपऱ्यात माणसं बसलेली दिसायची, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायचे. व्यवस्थापक म्हणाले, "वय झालं की भ्रम होतोच." कुटणं बंद करवलं आणि चार-पाच दिवसांत ती माणसं निघून गेली. व्यवस्थापकांचं मत मात्र बदललं नाही.

असो. तुमच्याबद्दल लिहायला बसलेय.

पहिल्या दिवशी तुम्ही ट्रे घेऊन आलात. आईचं नाव फाइलवर होतं, दारावर होतं, मी शेजारी बसले होते. तरी तुम्ही खाली वाकून विचारलंत, "आजी, नाव सांगा तुमचं. पूर्ण." तुम्हाला ठाऊकच आहे, या आजारात आवाज खोल जातो, शब्द ओठांपर्यंत येऊन अडतो. मी पटकन आईचं नाव सांगून टाकलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. गुडघ्यावर बसलात, कान तिच्या तोंडाजवळ नेलात आणि थांबलात. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर चीडच आली होती, खरं सांगते. ट्रेवर अजून आठ-दहा जणांच्या वाट्या होत्या आणि ही बाई नाव ऐकत बसलीय! आईने नाव सांगितलं. तुम्ही ते चार्टशी ताडून पाहिलंत, मग गोळी दिलीत, घोटभर पाणी दिलंत, गिळेपर्यंत थांबलात आणि त्यानंतरच सही केलीत.

दुपारी परत तेच. संध्याकाळी परत तेच. आठवड्याने आई मला कुजबुजली, "या पोरीला विसरायचा आजार आहे का गं?"

मी ३१ वर्षं बँकेत काउंटरला बसले. रोज येणारा, चहा पाजणारा माणूस असला तरी सही ताडून बघायचीच असते. लोक चिडतात, "मला ओळखत नाही का?" ओळखतो म्हणूनच नजर चुकते, हे त्यांना कसं सांगणार? इतकी वर्षं हेच करून मला तुमचा प्रश्न कळला नाही याची लाज वाटते. कळला तो शेजारच्या खोलीत आईच्याच नावाच्या आजी आल्या तेव्हा. आडनावही तेच. त्यांना डायबेटिसची गोळी. ती चुकून आमच्या आईच्या पोटात गेली असती तर? आईने एक दिवस झोपेत माहेरचं नाव सांगितलं, तर तुम्ही वाटी तशीच ट्रेवर ठेवून मला फोन केलात. तेव्हा मी हसले होते. फोन ठेवल्यावर रडले, हे तुम्हाला माहीत नाही.

पण मला आभार मानायचे आहेत ते चूक टळली एवढ्याचसाठी नाही. आधीच्या ठिकाणी आई ‘बेड ४’ होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, बोललं तरी उत्तराला थांबत नव्हतं, आणि तिने बोलणंच सोडलं होतं. तुमच्याकडे दिवसातून चार वेळा कुणीतरी तिचं नाव विचारायचं आणि ती सांगेपर्यंत कुठे जायचं नाही. महिन्याभरात तिचा आवाज दारापर्यंत ऐकू यायला लागला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचाही त्यात हात आहे, पण मी श्रेय तुम्हालाच देणार.

कुणी बघत नसताना काम नीट करणारी माणसं अशी असतात, आणि आपल्याला ती सावकाश वाटतात. वायरमन मेन स्विच स्वतः जाऊन पाहून येतो, तेव्हाही आपण घड्याळ बघतो.

गेल्या महिन्यापासून आई माझ्याकडे आहे. पहिल्या सकाळी ६ वाजता मी गोळी आणि पाणी घेऊन गेले, तर तोंड घट्ट मिटलेलं. समजावलं, विनवलं, थोडी ओरडलेही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, नाव सांग तुझं. पूर्ण."

तिने सांगितलं, सावकाश, आडनावासकट. मग तोंड उघडलं.

तुमची,
१२ नंबरच्या आजींची मुलगी