फ्रँकफर्टहून आईला

फ्रँकफर्ट,
16 नोव्हेंबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, झोपही होते. परवा फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला तो थंडीनं, ताप नव्हता. रात्री एकटी येतेस का म्हणून विचारलंस. ट्रामपर्यंत केरळची सिस्टर सोबत असते आणि उतरल्यावर घर पाच मिनिटांवर आहे. तेव्हा काळजी करू नकोस.

दिवाळीला टॅब पाठवीन असं मी सोहमला कबूल केलं होतं, पाठवला नाही. त्याला राग आला असणार, आणि दादालाही वाटलं असेल की आत्यानं हात आखडला. तसं नाही. मुलांच्या हातात आधी पुस्तकं पडावीत असं मला मनापासून वाटतं. बाबा असते तर तेच म्हणाले असते. ड्यूटीवरून आल्यावर त्यांच्या कंडक्टरच्या पेटीतून आधी वाचनालयाचं पुस्तक बाहेर यायचं, मग हिशेबाचे कागद.

इथली एक रीत मला अजून नीट उमगलेली नाही. आमच्या चौकात, भर रस्त्यावर, काचेचं एक कपाट उभं आहे. आपल्या लोखंडी कपाटाएवढं, पण कुलूप नाही. आत पुस्तकं. कुणीही यावं, दार उघडावं, हवं ते घरी न्यावं. वर्गणी नाही, रजिस्टर नाही, परत करायची तारीख नाही. परत आणलंच नाही तरी कुणी विचारत नाही. आपल्याकडची नको झालेली आणून ठेवायची, तीही कुणाला न सांगता. पंधरा दिवस मी लांबूनच पाहत होते, वाटायचं कुणीतरी हटकेल. शेवटी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना विचारलं, याचा मालक कोण? त्या म्हणाल्या, मालक कुणी नाही, आसपासची माणसं अधूनमधून नीट लावून ठेवतात, भिजलेली-फाटलेली काढून टाकतात. शहरात अशी बरीच कपाटं आहेत. मग रद्दीवाला एका रात्रीत सगळी नेत नाही का, असं मी विचारलं. रद्दीवाला म्हणजे कोण, हे सांगण्यातच आमची जेवणाची सुट्टी संपली. पावसात भिजू नये म्हणून दार मात्र घट्ट लावायचं, एवढा एकच नियम. तो सगळे पाळतात.

त्या कपाटात मला एरिश केस्टनरचं ‘एमिल उंड दी डिटेक्टिव्ह’ मिळालं. 1929 सालचं पुस्तक, पण भाषा इतकी सोपी की माझ्यासारखीला डिक्शनरी फारशी लागली नाही. एमिलला वडील नाहीत. आई घरीच बायकांचे केस धुऊन-विंचरून देते आणि त्यातून घर चालवते. आजीला द्यायला आईनं दिलेले पैसे घेऊन तो एकटा रेल्वेनं बर्लिनला निघतो. सगळे मिळून 140 मार्क. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो आणि टाचणीनं अस्तराला टोचून टाकतो. डब्यात डोळा लागतो, जागा होतो तर पैसे गेलेले. पुढं बर्लिनमधली अनोळखी पोरं त्याच्या मदतीला धावून येतात, ते सांगत नाही, सोहमची मजा जाईल. मी निघाले तेव्हा तू माझ्या कुडत्याला आतून खिसा शिवून वर सेफ्टी पिन लावली होतीस. टाचणीचं ते पान वाचलं आणि ट्राममध्ये पुढचं वाचवेना. हिटलरच्या लोकांनी मे 1933 मध्ये बर्लिनला पुस्तकं जाळली त्यांत केस्टनरचीही होती आणि तो स्वतः गर्दीत उभा राहून ते पाहत होता. हे ओवीला सांग, तिला कळेल.

हे पुस्तक मी सोहमसाठी वहीत मराठीत उतरवतेय. ही कल्पना याच गावातल्या एका डॉक्टरची. 1844 च्या नाताळात हाइनरिश हॉफमन यांना तीन वर्षांच्या मुलासाठी दुकानात एकही धड पुस्तक दिसेना, तेव्हा त्यांनी कोरी वही घेतली आणि गोष्टी-चित्रं स्वतःच काढली. त्यांचं पुस्तक अजून खपतं, पण मी ते पाठवणार नाही. अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे त्यात कात्रीनं कापतात. मुलांना असा धाक घालून काही साधतं असं मला वाटत नाही.

सोहम वर्गात खिडकीबाहेर बघतो अशी शाळेची तक्रार आली म्हणून दादानं त्याला मारलं, हे मला वहिनींकडून कळलं. दादाला सांग, आधी ‘तोत्तोचान’ स्वतः वाच. त्या जपानी मुलीलाही खिडकीपायीच शाळेतून काढलं होतं. नव्या शाळेचे हेडमास्तर पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकत बसले. चार तास, आई! वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरायचे. गोष्ट खरी आहे, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावींनी आणली आहे. सोहमला सोबत भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्या. इंग्रजी शाळेतल्या पोराला मराठी जड जातं म्हणतेस, पण फुरसुंगीच्या बन्यानं एकदा ‘टॉक्’ केलं की जड-हलकं काही राहत नाही. पहिली दोन पानं मात्र कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा. माधुरी पुरंदरे यांचं ‘वाचू आनंदे’ दोघांना मिळून घ्या. त्यात चित्रंही फार सुंदर आहेत.

ओवीला ‘एक होता कार्व्हर’. विकत आणू नका, वीणा गवाणकरांचं हे पुस्तक बाबांच्या ट्रंकेत आहे. आत खुणेला एसटीचं तिकीट असेल, ते तसंच राहू दे. आणि जूनमध्ये तिला तेरावं संपेल तेव्हा अ‍ॅन फ्रँकची डायरी. अ‍ॅनचा जन्म इथला, 12 जून 1929 चा, आणि डायरी तिला तेराव्या वाढदिवसाला मिळालेली. ती लहानपणी राहायची त्या एका घरावर तिच्या नावाची पाटी आहे, मी पाहून आले. एवढ्या पोरीला असलं दुःखाचं कशाला, असं वहिनी म्हणतील. पण ओवीनं बाबांचं आजारपण उशाशी बसून पाहिलंय. तिला सगळं समजतं.

या महिन्यात पन्नासऐवजी चाळीस हजार पाठवतेय. खोली बदलली, तिचं डिपॉझिट भरावं लागलं. पुस्तकांचे दोन हजार वेगळे आहेत, ते किराण्यात मिसळू नका. कोर्सच्या कर्जाचा हप्ता मी इथूनच भरलाय.

सांगलीच्या स्थळाचा फोटो पाहिला. माणूस चांगला वाटतो, मी नाही म्हणत नाही. पण नोकरी सोडायची अट असेल तर त्यांना आत्ताच स्पष्ट विचार, म्हणजे तुला नंतर तोंडघशी पडायला नको.

एक सांगायचं राहिलं होतं. बाबांच्या वर्षश्राद्धाला रजा मिळाली नाही असं मी म्हणाले होते. मी रजा मागितलीच नव्हती. तिकिटाच्या पैशांत दोन हप्ते बसत होते. दादाला सांगू नकोस.

वहीची चार प्रकरणं झालीत. रविवारी साडेआठला फोन करते, सोहमला जागं ठेव, पाचवं वाचून दाखवेन.

तुझी,
सुमी