बंदुकीवरची बॅटरी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या आतल्या पानावर एक चौकोनी जाहिरात होती. बंदुकीवर बसणारी बॅटरी आणि ‘रेड डॉट’ (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट), दोन्ही मिळून सवलतीच्या दरात, आणि वर ठळक अक्षरांत ‘दहा हजार ल्युमेन’. व्यापाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. पण त्या जाहिरातीपायी सोमवारपासून तिघे माझ्या ओट्यावर येऊन गेले आणि चौथ्याचा फोन आला. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता वाळपईच्या पलीकडे वडिलांचं कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बाग, बघतो. बंदुकीचं काही निघालं की गाव माझ्याकडे येतं. प्रत्येकाला चहा पाजून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा आपल्या पानावर लिहितो.

आधी भाषा. आमच्याकडे हातात धरायची ती बॅटरी आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. हे पत्र त्याच हिशेबाने वाचावं.

ल्युमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. तो कुठे पडतो, ते ल्युमेन सांगत नाही. कळशीभर पाणी खळ्यात ओतलं तर खळं ओलं होतं; तेच पाणी पिचकारीने मारलं तर समोरची भिंत गाठतं. किती जोरात गाठलं ते कँडेला सांगतं आणि जाहिरातीत नेमका तोच आकडा नसतो. खोक्यावर कँडेला दिला असेल तर त्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, तेवढ्या मीटरांवर उजेड पोचतो. १०,००० कँडेला असेल तर २०० मीटर. स्ट्रीमलाइटची रायफलवर बसणारी एक प्रोटॅक बॅटरी १,००० ल्युमेन आणि ५०,००० कँडेलाची आहे. हिशेब करा, ४४७ मीटर येतात आणि कंपनीही तेवढेच सांगते. मात्र त्या टोकाला पोचणारा उजेड असतो पाव लक्स, म्हणजे पुनवेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात समोर कोणीतरी उभं आहे एवढं दिसतं, कोण आहे ते दिसत नाही. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. म्हणून मी छापलेल्या अंतराचा चौथा हिस्साच खरा धरतो.

नावाजलेल्या कंपन्यांच्या बंदुकीवरच्या बॅटऱ्या बहुतेक हजार-दोन हजारांच्या आसपास थांबतात, त्याला कारण आहे. मुठीएवढ्या बॅटरीतून दहा हजार ल्युमेन खरोखर निघाले, तरी ती दोन-चार मिनिटांत चटका बसण्याइतकी तापते आणि स्वतःहून मंद होते. शिवाय चुना काढलेल्या खोलीत हजार ल्युमेनसुद्धा मारून बघा. भिंतीवरून उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो, आणि गेलेली अंधाराची नजर परत यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आमच्या पावसात तर विचारूच नका. जुलैच्या रात्री पोफळींच्या मधून उजेड टाकला की प्रत्येक थेंब तो परत फेकतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. तिथे रुंद फाकणारा झोत काही कामाचा नाही, बारीक आणि घट्टच लागतो.

पण पत्र लिहायला बसलो तो या हिशेबापायी नव्हे.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात रात्री दहाच्या सुमारास मी कुळागरात पाटाचं पाणी फिरवायला गेलो होतो. चांदणं होतं आणि वाट पायाखालची, म्हणून हातातली बॅटरी विझवलेली. वाकून पाटाच्या तोंडातली माती ओढत होतो, केळीची सुकी पानं पायाखाली वाजत होती. एकदम अंगावर उजेड पडला. डोळे दिपले, पण फौजेतल्या माणसाला उजेड कुठल्या उंचीवरून येतोय ते कळतं. हातातली बॅटरी कमरेशी असते किंवा डोक्याशी. हा उजेड खांद्यातून येत होता आणि अजिबात हलत नव्हता. मी हात वर करून ओरडलो, “हांव रे, हांव!” म्हणजे मी रे, मी!

शेजारी होता. पीकरक्षणाच्या परवान्याची एकनळी १२ बोअर, आणि नळीखाली पट्ट्याने आवळलेली नवी बॅटरी. केळीत डुक्कर शिरलं असं त्याला वाटलं. डुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वन खात्याची परवानगी लागते, तो विषय वेगळा. तो म्हणाला, “सुभेदारांनू, मी फक्त बघत होतो.” आणि ते खरंच होतं. बॅटरी नळीला बांधलेली, तर बघायचं कशाने? नळीनेच. घोड्यावर बोट होतं की नाही, मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मग बराच वेळ आम्ही दोघे बांधावर बसून राहिलो आणि पाणी भलत्याच वाफ्यात गेलं.

तेव्हा तो आणखी एक म्हणाला, “डोळे चमकले नाहीत, म्हणून थांबलो.” त्याचा समज असा की अंधारात डुकराचे डोळे चमकतात. उलट आहे. गाय, कुत्रा, मांजर, भेकर यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, त्यामुळे उजेड पडला की ते चकाकतात. डुकराला तो पडदा नाही आणि माणसालाही नाही. अंधारात चमकणारे डोळे पाहून गोळी घालणारा गाय मारील, आणि न चमकणारे पाहून घालणारा मला.

म्हणून जो विचारायला येतो त्याला मी पहिलं हे सांगतो की शोधायची बॅटरी वेगळी, हातातली. ती जमिनीकडे धरली तरी उलटलेल्या उजेडात आजूबाजूचं पुरेसं दिसतं आणि नळी कोणाकडे वळत नाही. बंदुकीवरची बॅटरी समोर काय आहे ते पक्कं कळल्यानंतरची. तिचं बटण दाबलं तर पेटणारं आणि सोडलं तर विझणारं हवं. एकदा दाबून पेटतीच राहणारी घेतली तर माणूस तिच्या मागेमागे चालायला लागतो. काश्मीरात कुपवाड्याला राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना घरांची झडती घेताना आमच्या तुकडीत हाच दंडक होता. तिथे तर अंधारात बाई-मुलं झोपलेली असायची.

आता डॉटचं. फौजेत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. बेळगावला रंगरूट असताना उस्ताद पहिल्यांदा “शिस्त लो” म्हणाले तेव्हा आम्ही निम्मे जण टाचा जुळवून सावधान झालो होतो. पुढे इन्सास या फौजी रायफलीवर मागच्या भोकातून पुढची टीप बघत वर्षं काढली. डावा डोळा मिटायचा, टीप, भोक आणि निशाण एका रेषेत आणायचं. रेड डॉटमध्ये ही जुळवाजुळव नाही. आत एक बारीक एलईडी असतो. काचेवर असा लेप असतो की तो तेवढा लाल उजेड डोळ्याकडे परतवतो आणि बाकीचा आरपार सोडतो. ठिपका लांब निशाणावर ठेवल्यासारखा दिसतो, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये असली पहिली इलेक्ट्रॉनिक साइट बाजारात आणली. तेव्हाची बोजड होती, आजची त्यांचीच मायक्रो शंभर ग्रॅमही भरत नाही.

माझा पुतण्या निमलष्करी दलात आहे. गणपतीला आला तेव्हा मोबाइलवर चित्रं दाखवत “काका, कुठला घेऊ?” म्हणून पाठी लागला. मी म्हटलं, आधी कंपनी कमांडरला विचार, सरकारी रायफलवर आपल्या मनाने काही चढवायचं नसतं. परवानगी मिळाली तर मग ठिपका केवढा ते बघ. तो ‘एमओए’ या कोनाच्या मापात मोजतात, एक एमओए १०० मीटरवर साधारण २.९ सेंटीमीटर. दोनचा ठिपका तिथे काजूच्या बोंडाएवढी जागा झाकतो, सहाचा लहानशा असोल्या नारळाएवढी. रायफलीला दोनचा बरा. दुसरं, एकाच काचेची उघडी साइट घेऊ नकोस. एलईडी आणि काच यांच्यामध्ये पावसाचा थेंब किंवा चिखल बसला की ठिपका फुटतो नाहीतर जातोच. दोन्ही बाजूंनी काच असलेली बंद नळी घे, बाहेरून सदऱ्याने पुसली की झालं.

सेल कुठला लागतो तेही बघ म्हटलं. सीआर २०३२ असेल तर म्हापशाच्या बाजारात घड्याळवाल्याकडे मिळतो आणि चांगल्या साइटला वर्षानुवर्षं पुरतो. एमपॉइंट तर मधल्या उजेडावर ५०,००० तास सांगते. माझा स्वतःचा नियम मात्र दर गणपतीला सेल बदलायचा. जुना भिंतीवरच्या घड्याळात चालत नाही, एवढंच वाईट वाटतं.

पुतण्याने मग मित्राची साइट आणून माझ्या हातात दिली. मला ठिपका दिसेना, लाल स्वल्पविराम दिसला, शेपटीसकट. “काका, ही खराब आहे,” तो म्हणाला. मी मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरला. पडद्यावर स्वच्छ गोल ठिपका! साइट ठीक होती, माझ्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे. पन्नाशीच्या पुढच्या माजी सैनिकांनो, पैसे टाकण्याआधी दुकानातच हा प्रयोग करा. स्वल्पविराम दिसला तर काचेवर खूण कोरलेली प्रिझमची साइट विचारा, ती अशा डोळ्यांना पुष्कळदा सोसते.

डॉट नळीच्या सहा-सात सेंटीमीटर वर बसतो, त्यामुळे पाच मीटरवर गोळी ठिपक्याच्या तेवढीच खाली लागते. रेंजवर झिरो करून, म्हणजे ठरलेल्या अंतरावर ठिपका आणि गोळी जुळवून घेतलेला माणूससुद्धा हे विसरतो. आणि डॉटचा उजेड बॅटरी पेटवून मगच ठरवायचा. अंधारात ठरवला तर झोतात ठिपका दिसत नाही, भर दुपारी ठरवला तर रात्री त्याचा काजवा होऊन निशाण झाकतो. स्क्रू आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून बुडापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. आमच्या घरातली बाटली याच कामात संपली आणि बोलणी मी खाल्ली.

स्वस्ताचा अनुभवही सांगतो. एअर रायफलवर टिनांचे डबे पाडायला मी एक डॉट मागवला होता. ऑगस्टमध्ये काचेच्या आत वाफ धरली, सप्टेंबरात ठिपका गेला. विकणारा म्हणतो, “साहेब, खऱ्या बंदुकीला चालतो, हवेच्या बंदुकीला नाही.” हसू आलं, पण निम्मं खरं होतं. स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, आणि पुढचा झटका पुष्कळ साइटींना सोसत नाही. वाफेबद्दल मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

१२ बोअरवाल्या शेतकऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे की तुम्हाला डॉटची गरज नाही. तेच पैसे हातातल्या चांगल्या बॅटरीला घाला.

प्रशासनाकडे एकच मागणी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्यासाठी सुरक्षेचं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र लागतं. त्या प्रशिक्षणात एक तास अंधाराचा ठेवावा. बंदूक रिकामी, हातात बॅटरी, आणि पंचवीस पावलांवर कधी माणूस, कधी वासरू, कधी पोतं. काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. तालुक्यात माजी सैनिक पुष्कळ आहेत, शिकवायला मी स्वतः येईन, मानधन नको.

शेजाऱ्याने ती बॅटरी दुसऱ्याच दिवशी नळीवरून सोडली आणि गोठ्यात आढ्याला टांगली. गेल्या श्रावणात वीज नसताना त्याची गाय व्यायली, तेव्हा तिच्याच उजेडात आम्ही दोघांनी वासरू ओढून काढलं.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
सत्तरी, गोवा