द्रौपदी कुठं गेली?

प्रिय विश्वा,

सप्रेम नमस्कार.

दीड वर्ष झालं तुला काही लिहून. कारणं सांगत बसत नाही, तू ती ऐकून घेणार नाहीस आणि त्यातली निम्मी खोटी आहेत. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होतो, एवढं कबूल करून टाकतो. माझी तब्येत ठीक. साखर वरखाली होते, गुडघे आहेत तसेच. तुझं स्टेंटचं काम नीट झाल्याचं पुतण्याकडून कळलं. बरं झालं.

आता मुद्द्याचं. फोनवर सांगितलं तर तू मध्ये मध्ये बोलशील, म्हणून कागद घेतला.

यंदा जत्रेला सौभद्र करतोय. हो, तेच. पोरं म्हणाली, काका, एकदा जुनं संगीत नाटक करूया, आणि मी नको म्हणेपर्यंत पेटीवाला ठरलासुद्धा. दिग्दर्शन माझ्या गळ्यात. सुभद्रा आपली मुक्ता, माझी नात. सतराची झाली. गळा आजीचा घेतलाय, जीभ माझी.

परवा रविवारी देवळाच्या अग्रशाळेत तालीम होती. बाहेर अवेळी पाऊस, पत्र्यावर एवढा आवाज की तबला ऐकू येईना. मुक्ता ‘वद जाऊ कुणाला शरण’ला बसली होती. पहिली ओळ घेतली, दुसरीला थांबली. पेटीवाला सूर धरून बसलेला, त्याला वाटलं पट्टी चुकली. तर ही मांडीवरची वही मिटून मला विचारते, ‘‘आजोबा, अर्जुनाची बायको कुठं आहे?’’

सगळे हसले. मी म्हटलं, इंद्रप्रस्थात.

‘‘मग तिला कोण विचारतं?’’

आणि विश्वा, मी काय बोललो असेन? ‘‘बाय, जत्रेचं नाटक आहे. लोकांना लग्न बघायचं असतं.’’ शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझी नजर आपोआप तिसऱ्या खांबाकडे गेली. तू तिथंच टेकून उभा होतास, १९८६ साली, हातात पेन्सिल घेऊन. आणि तूही द्रौपदीचं विचारलंस तेव्हा तालीम घेणाऱ्या मास्तरांनी तुला हेच, अगदी हेच उत्तर दिलं होतं. ‘बाय’च्या जागी ‘गाढवा’ होतं, तेवढाच फरक.

त्या रात्री झोप नाही. मास्तरांच्या बाजूने पहिला मी बोललो होतो ना तेव्हा! काय बोललो तेही आठवतंय: ‘‘व्यासांना पदं सुचली नव्हती, म्हणून त्यांनी महाभारत लिहिलं.’’ सगळी मंडळी हसली, तू हसला नाहीस. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. अर्थात तूही काही कमी नव्हतास. ‘‘मी अर्जुन आहे की पुण्याच्या कॉलेजातला नापास झालेला प्रेमवीर?’’ असं मास्तरांच्या तोंडावर कोण म्हणालं होतं?

सोमवारी वाचनालयात गेलो आणि महाभारताचं आदिपर्व घरी आणलं. भांडून अडतीस-चाळीस वर्षं झाल्यावर पुस्तक उघडणारा मी पहिलाच असेन. तुझं बरोबर होतं, नाटकाची गोष्ट व्यासांची नव्हेच. बरोबर कसलं, तू निम्मंसुद्धा सांगितलं नव्हतंस. नाटकात दोघांचं प्रेम आधीपासूनचं. अर्जुन तीर्थयात्रेत, इकडे बलरामाने तिचं दुर्योधनाशी ठरवलेलं, म्हणून ही रडते आणि तो झुरतो. व्यासांकडे अर्जुनाने तिला पाहिलेलंच नाही! रैवतक डोंगरावर उत्सव चाललाय, ती मैत्रिणींबरोबर जाताना दिसते, हा बघतच राहतो. कृष्ण हसून म्हणतो, वनात फिरणाऱ्याचं मन हे कामाने कसं काय ढवळून निघालं? वर ओळख करून देतो, ही माझी बहीण, सारणाची सख्खी. म्हणजे ती कोण हेच याला ठाऊक नव्हतं. दुर्योधनाचं नाव नाही. घटोत्कच तिला उचलून रानात नेतो ते नाही. (आपला घटोत्कच आठवतो? मारुतीचं दुकान चालवणारा, सुभद्रेला उचलताना पाय घसरला आणि अख्खी पेट्रोमॅक्स घेऊन खाली आला. पुढचा प्रवेश कंदिलावर.) संन्याशाचं सोंगही नाही. कृष्ण सरळ सांगतो, स्वयंवरात कुणाचं मन कुठं जाईल सांगता येत नाही, तू तिला पळवून ने. युधिष्ठिराकडे माणूस पाठवून परवानगी आणवतात आणि हा तिला रथात घालतो.

परवानगी युधिष्ठिराची, हं. सुभद्रेची कुणी घेतलेली दिसत नाही.

मी म्हटलं, झालं, विश्वा जिंकला, आता पत्र लिहून माफी मागावी. पण तू मला ओळखतोस, मी एवढ्यावर थांबणारा नव्हे. अण्णा किर्लोस्कर हा शाकुंतल करून मग सौभद्राकडे आलेला माणूस, मनात आलं ते ठोकून देईल कशाला? देवळातल्या भटजींना विचारलं. ते पान चघळत म्हणाले, ‘‘भागवत बघा, दशमस्कंध, शहाऐंशीवा अध्याय.’’ आणि विश्वा, सगळं तिथं आहे! बलराम तिला दुर्योधनाला देणार, हे तिथं. अर्जुन त्रिदंडी यती होऊन द्वारकेला येतो, तेही. पावसाळ्याचे महिने तिथं मुक्काम ठोकतो, आणि भागवतकार त्याला काय म्हणतात माहीत आहे? ‘स्वार्थसाधक’! चातुर्मास करायला बसलेल्या संन्याशाला! बलराम त्याला ओळखत नाही, घरी बोलावून जेवू घालतो. आणि सुभद्रेचं मनही त्याच्यावर जडतं, हेही तिथं लिहिलंय.

म्हणजे तू जिला अण्णांची चूक म्हणत होतास, ती चूक नव्हती. अण्णांनी एका ग्रंथातली गोष्ट सोडली आणि दुसऱ्यातली उचलली. घटोत्कच तेवढा आपल्या पदरचा घातला असावा, पण तोही काळाला सोडून नाही, हिडिंबेचं प्रकरण द्रौपदीच्या स्वयंवराच्या आधीचं. एकूण १९८६चा निकाल असा: तू बरोबर, मास्तर बरोबर, आणि मी कशाचाही पत्ता नसताना मास्तरांच्या बाजूने, म्हणून चूक.

एक पैज मात्र मी जिंकलो. नाटकाच्या नावावरून तू थट्टा करायचास, आठवतं? सौभद्र म्हणजे सुभद्रेचा मुलगा, अभिमन्यू. लग्न लागायच्या आधी पोराचं नाव पाटीवर! मुक्ताच्या संस्कृतच्या बाईंनी सांगितलं, पाणिनीचं सूत्र आहे, एखाद्याविषयी रचलेल्या ग्रंथाला असं नाव देता येतं, आणि त्यावरच्या काशिका टीकेत त्याचं उदाहरणच ‘सौभद्र’ दिलंय, सुभद्रेविषयीचा ग्रंथ. काजू फेणीची बाटली लागते तुझ्याकडे. तुझ्या डॉक्टरचं नाव पुढं करू नकोस, प्यायची मला आहे.

आता बलरामाचं. मी तीन जत्रांना बलराम केला, नांगर खांद्यावर घेऊन ओरडलो, पण खऱ्या बलरामाचं वाक्य मला या महिन्यात कळलं. सुभद्रेला पळवल्यावर सभा भरते, यादव रथ जोडायला निघतात, बलराम म्हणतो, आधी हा कृष्ण गप्प का बसलाय ते विचारा. आणि मग: ज्या भांड्यात जेवला तेच भांडं कोण फोडतो? वाचलं आणि मोठ्यानं हसलो. आमची ही आतून विचारते, काय झालं? म्हटलं, विश्वा सापडला.

नाही तर काय! त्या वर्षी बाहेरून आणलेलं स्त्री पात्र आमच्या मावशीकडे उतरवलेलं. तू रोज संध्याकाळी ‘पदं पाठ करायला’ मावशीच्या ओसरीवर. मावशी तुला जेवू घालायची, बांगड्याची आमटी, वर सोलकढी. आणि जत्रा झाल्यावर चौथ्या दिवशी तू मास्तरांशी द्रौपदीवरून कडाकडा भांडलास, मंडळ सोडलंस, आणि जाताना सुभद्रा घेऊन गेलास. भांडण खरं होतं हे मला ठाऊक आहे, पण मास्तर मरेपर्यंत म्हणायचे, द्रौपदीचं निमित्त करून गेला. मावशी तर वर्षभर तुझं नाव काढू देत नव्हती. मग अक्षता आल्या तशी स्वतःच पोहे कांडून घेऊन आली.

असो. द्रौपदी.

मुक्ताने पुढचं स्वतःच वाचून काढलं. बुधवारी वही घेऊन आली, म्हणाली, नाटक संपतं त्याच्या पुढचा प्रवेश मी काढलाय, माझं एकही वाक्य घातलेलं नाही. दीड पान. अर्जुन परत येतो, द्रौपदी त्याला म्हणते, तिकडेच जा, जिथं ती सात्वताची लेक आहे. ओझं कितीही घट्ट बांधलं तरी दुसरी दोरी आली की पहिली सैल होते. (पुढच्याच वर्षी पणजीच्या मंडळात तू अर्जुन केलास तेव्हा मला हे वाक्य ठाऊक असतं तर पोस्टकार्डावर लिहून पाठवलं असतं.) अर्जुन पुन्हा पुन्हा क्षमा मागतो. मग सुभद्रेला लाल रेशमी नेसवून, पण गवळणीचा वेष करून आत पाठवतो. राजकन्या म्हणून पाठवायची छाती नाही. ती कुंतीच्या पाया पडते, मग द्रौपदीच्या, आणि म्हणते, ‘मी दासी.’ द्रौपदी उठते, तिला मिठीत घेते, म्हणते, तुझा पती निःसपत्न असो. म्हणजे त्याला शत्रू नसो. सुभद्रा आनंदाने म्हणते, असंच होवो.

मुक्ता मला विचारते, ‘‘सपत्न म्हणजे शत्रू, सपत्नी म्हणजे सवत. सवतच सवतीला म्हणते, तुझा नवरा निःसपत्न असो. हे मुद्दाम असेल का हो?’’

मी काय सांगणार? मास्तरांकडे असल्या प्रश्नाला छडी होती.

बघ, माझा घोळ इथं आहे. व्यासांच्या या लग्नाच्या गोष्टीत सुभद्रेच्या वाट्याला आलेलं बोलणं एवढंच, मी दासी आणि असंच होवो. अण्णांनी तिला अख्खी रात्र गायला दिलं. ती रडते, रुसते, मैत्रिणीपाशी मन मोकळं करते. पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर, त्याच्या गळ्यासाठी लोक तुटून पडायचे. म्हणजे नाटकाने सुभद्रेला आवाज दिला आणि तेवढ्यासाठी द्रौपदीला घरी बसवलं. आता मी हा प्रवेश जोडला तर पाच तास गाणाऱ्या मुलीच्या तोंडी शेवटी येणार काय, तर ‘मी दासी’. मुक्ताला विचारलं, तुला चालेल? म्हणाली, ‘‘मी ते कसं म्हणते ते बघा ना आधी.’’ म्हणून दाखवलं. विश्वा, पेटीवाल्याने भाता सोडून दिला. मान खाली घातली नव्हती तिने. बस, एवढंच करते ती. द्रौपदीच्या डोळ्यात बघून म्हणते.

दुसरीकडे जत्रा आहे. पालखी आत जायला बारा, नाटक सुरू व्हायला एक. पहाटे मंगलाष्टकं होतात तेव्हा अर्धी माणसं खाज्याच्या पुड्या बांधत उठलेली असतात, पहिली बस पकडायला. लग्न लागलं की पडदा, हा इथला रिवाज. त्यावर सवतीचा प्रवेश टाकला तर म्हातारी मंडळी म्हणतील याला चळ लागला. कमिटीत दोघांनी आताच तोंडं वाकडी केलीत. एक जण म्हणाला, ‘‘मूळ नाटकात हात घालू नये.’’ मी म्हटलं, मूळ कुठलं ते आधी सांग. तो रागावून निघून गेला. खुर्च्यांचं काम त्याच्याकडे आहे, म्हणजे आता खुर्च्या मलाच बघाव्या लागणार.

आणि तिसरं, द्रौपदी कोण करणार? गावात दोघी-तिघी आहेत. पण एक तरणी, ती मुक्ताची मैत्रीण वाटते. दुसरी चांगली, पण मुक्ताला मिठी मारताना हसू फुटतं. मला उभी राहिली की खोली शांत होणारी बाई हवी. जिला पूर्वीची सुभद्रा ठाऊक आहे अशी.

तुला कळलंच असेल. हे पत्र अर्धं तुला आणि अर्धं वहिनीला आहे. कंबरेचं दुखणं मला माहीत आहे, दीड पानाचा प्रवेश आहे, बसून केला तरी चालेल, फक्त एकदा उठायचं आहे, मिठीपुरतं. तू वाचून दाखव आणि गप्प राहा. ‘तिला जमणार नाही’ असं तू परस्पर कळवलंस तर मी ते मानणार नाही. फोन तिला करायला सांग. आणि तुझी ती नाटकाची जुनी प्रत, पेन्सिलीच्या खुणांची, अजून असली तर घेऊन या. समासात तू द्रौपदीसाठी काही लिहिलं होतंस, मास्तरांनी ते न वाचताच वही फेकली होती. मीही वाचलं नव्हतं.

मुलाचं ठाण्याचं घर झालं का ताब्यात? नातवाला दात आले असतील. सुनेला आशीर्वाद. तुझ्या निवृत्तीच्या पैशाचं अडलेलं सुटलं का तेही कळव, मी विचारायचं विसरतो.

जत्रा पौषात आहे, तिथी कळवतो. गाडीने आलात तर करमळीला उतरा, मी रिक्षा घेऊन येतो. उतरायला मावशीचं घर मोकळंच आहे. ओसरीची फरशी बदलली, बाकी आहे तसंच.

तुझा,
दत्ता

ता. क. आपला घटोत्कच अजून दुकानात बसतो. तू येणार म्हटल्यावर विचारत होता, पेट्रोमॅक्सचे पैसे कोण देणार.